कावळ्यांपासून दही राखताना

आई बाहेर जाताना मुलाला सांगते, “कावळ्यांपासून दही राख हो.” मुलगा ओसरीवर बसतो. कावळे येत नाहीत, मांजर येते. मुलाने मांजराला हुसकायचे, की आईने फक्त कावळ्यांचे नाव घेतले होते म्हणून नुसते बघत राहायचे? संस्कृत शास्त्रकारांनी हे उदाहरण शतकानुशतके शिकवले. त्यांचे उत्तर सरळ आहे. ‘कावळा’ हा शब्द इथे दही नासवणाऱ्या सगळ्यांच्या वतीने आला आहे. अशा शब्दाला ते उपलक्षण म्हणत. मांजराला हुसकणारा मुलगा आईचा शब्द ओलांडत नाही, तो शब्द पाळतो.

इथवर कोणाचे दुमत होणार नाही. पण थोड्या वेळाने धाकटा भाऊ भुकेजून वाटी घेऊन येतो. शेजारीण विरजणापुरते चमचाभर दही मागते. आता काय? मांजरापर्यंत गेलेला अर्थ भावापर्यंत न्यायचा का? आईने दही कशासाठी राखायला सांगितले, हे मुलाने कशावरून ओळखायचे? तिच्या शब्दांवरून, घरच्या रिवाजावरून, की स्वतःला जे बरे वाटते त्यावरून? कायद्याचे वाक्य समोर आले की न्यायाधीश याच मुलाच्या जागी बसलेला असतो. आई मात्र संध्याकाळी घरी येते आणि तिला विचारता येते. कायदा करणारे सभागृह बहुधा केव्हाच विसर्जित झालेले असते, आणि अर्थ कसा लागतो यावर कोणाचा तुरुंगवास, कोणाचे छप्पर, कोणाचा वारसा अवलंबून असतो.

कायद्याच्या भाषेत या कामाला अर्थान्वयन म्हणतात. अर्थान्वयनाच्या परस्परविरोधी उपपत्ती, त्यामागचे वाद आणि त्या वादांत अडकलेली माणसे, हा या पुस्तकाचा विषय आहे. विधी महाविद्यालयांत हा विषय एका पेपरापुरता शिकवला जातो. विद्यार्थी नियमांची नावे पाठ करतात, परीक्षा देतात आणि विसरतात. मीही तसाच शिकलो आणि पुढे काही वर्षे तसाच शिकवत राहिलो. हे नियम म्हणजे न्यायालयाच्या हातातल्या सत्तेचा हिशेब आहे, हे मला फार उशिरा कळले. ते ज्या निकालांनी शिकवले, त्यांतल्या एकापासून सुरुवात करतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी एका अपिलाचा निकाल दिला. बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला कपड्यांवरून हात लावणाऱ्या माणसाला पॉक्सो कायद्याखाली शिक्षा झाली होती. त्वचेचा त्वचेला स्पर्श झालेला नाही, तेव्हा पॉक्सोच्या कलम ७ मधला लैंगिक हल्ला झाला नाही, भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खालचा विनयभंग तेवढा झाला, असे खंडपीठाने ठरवले. पहिल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद होती, दुसऱ्याला किमान एका वर्षाची. शिक्षा कडक असेल तर कायदा काटेकोरपणे वाचला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. देशभर संताप उसळला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. मुलांना लैंगिक शोषणापासून वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याचा असा अर्थ लावला तर हातमोजे घालून केलेले कृत्यही सुटेल, आणि कायद्याचा हेतूच मारला जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

या दोन निकालांची मांडणी बहुतेक लोक ‘शब्द विरुद्ध हेतू’ अशी करतात. मला ती अपुरी वाटते. कलम ७ उघडून पाहा. त्यात लैंगिक उद्देशाने केलेल्या स्पर्शाचा उल्लेख आहे, शारीरिक संपर्काचाही आहे. त्वचेचा उल्लेख कुठेही नाही. ज्या वाचनाला काटेकोर म्हटले गेले, त्याने कायद्यात नसलेला शब्द कायद्यात घातला होता. मराठीत आपण म्हणतो, ‘त्याने मला खांद्याला धरून हलवले’, आणि अंगात सदरा होता की नव्हता हे कोणी विचारत नाही. शब्दशः वाचणे आणि संकुचित वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्थान्वयनाच्या चर्चेतला निम्मा गोंधळ या दोहोंची गल्लत केल्याने होतो.

हा प्रश्न पाश्चात्त्य न्यायालयांनी आपल्याकडे आणला, असा एक समज आहे. तो दूर करण्यासाठी या पुस्तकाचे पहिले प्रकरण धर्मशास्त्रावर आहे. दत्तकाविषयी वसिष्ठाचे एक सूत्र आहे. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये आणि घेऊही नये, असा त्याचा आशय. पती वारल्यावर त्याच्या विधवेला दत्तक घेता येईल का? सूत्र एकच, पण त्याची उत्तरे चार झाली. मिथिलेच्या पंडितांनी म्हटले की अनुज्ञा दत्तकाच्या क्षणी हवी, मृत पती ती देऊ शकत नाही, म्हणून विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालने म्हटले की पतीने जिवंतपणी दिलेली अनुज्ञा त्याच्या मागेही टिकते. द्रविड देशात पतीच्या जागी त्याच्या सपिंडांची संमती चालली. आणि महाराष्ट्रात, जिथे मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत बसून लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानला जाई, तिथे उत्तर आले की हे सूत्र पती हयात असतानाच्या दत्तकापुरतेच आहे. दत्तक हा मृत पतीच्या पारलौकिक हितासाठी असतो, मग ते हित साधण्यापासून विधवेला सूत्राने का अडवावे?

ही चारही उत्तरे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली रामनाडच्या जमीनदारीच्या दाव्यात एका ठिकाणी मांडली. ती वाचताना मला आजच्या सगळ्या उपपत्ती समोर उभ्या दिसतात. मिथिला शब्दाला चिकटून आहे. बंगाल शब्द राखून त्याचा काळ ताणतो. द्रविड पंडित अनुज्ञेमागचे कारण शोधतात आणि त्या कारणाला दुसरा वाहक देतात. महाराष्ट्र विधीच्या हेतूवरून निषेधाची मर्यादा आखतो. प्रिव्ही कौन्सिलने यावर पाचवी रीत सांगितली. प्राचीन ग्रंथातून कोणता अर्थ निघतो याचा शोध न्यायाधीशाने घेऊ नये, त्या प्रांतात कोणता अर्थ रूढ झाला आहे ते पाहावे, आणि रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती लिखित वचनावरही मात करते. एका ओळीच्या पाच वाचनांमधून हजारो विधवांच्या हातात वाडा राहिला किंवा गेला.

दुसरे उदाहरण ‘सपिंड’ या शब्दाचे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. त्याने पिंड म्हणजे देह असे धरले. एका देहाचे अंश ज्यांच्यात आले ते सपिंड. बंगालच्या जीमूतवाहनाने ‘दायभागा’त पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा पिंड असे धरले आणि वारसाहक्क पारलौकिक उपकारावर बांधला. दोन अक्षरी शब्दाच्या दोन अर्थांवर भारतातल्या वारसाहक्काच्या दोन व्यवस्था उभ्या राहिल्या. मिताक्षरेने मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, दायभागाने वडिलांच्या मृत्यूनंतर. ‘जन्मतः’ हा शब्द अजून काम करतो आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीलाही जन्मतः हक्क मिळाला. दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाली तेव्हा वडील हयात असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते नाकारले. हक्क जन्माने येतो असे कायदाच म्हणतो, मग वडिलांच्या मृत्यूची तारीख त्याच्या आड कशी येईल? गावोगावच्या सातबाऱ्यांवर बहिणींची नावे लागणार की नाहीत, हे या एका शब्दाच्या वाचनावर ठरत होते.

धर्मशास्त्रकारांना ही हत्यारे मीमांसेने दिली. मीमांसकांसमोरचा प्रश्न विलक्षण होता. त्यांच्या मते वेद अपौरुषेय आहे, त्याला कर्ताच नाही. तेव्हा ‘लिहिणाऱ्याच्या मनात काय होते’ असे विचारायची सोयच नव्हती. अर्थ वाक्यातूनच काढायचा, पण मनाला येईल तसा नाही. जैमिनीने सहा प्रमाणे सांगितली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. दोन प्रमाणांत विरोध आला तर आधीचे बलवान, नंतरचे दुर्बळ. एखादा मंत्र इंद्राची स्तुती करत असेल, म्हणजे त्याच्या शब्दांचे सामर्थ्य इंद्राकडे बोट दाखवत असेल, पण विधिवाक्य थेट सांगत असेल की याने गार्हपत्य अग्नीची उपासना करावी, तर अग्नीचीच करायची. श्रुतीपुढे लिंग मागे सरते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच खंडांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे वाचक जाणतात, की मीमांसेचे हे नियम यज्ञमंडपातून निघून वारसा, दत्तक आणि वाटणीच्या तंट्यांपर्यंत कसे पोचले. मला या सहा प्रमाणांपेक्षा त्यांचा क्रम मोलाचा वाटतो. क्रम आधी ठरलेला आहे. यजमान कोण आणि दक्षिणा कोणाला, हे पाहून तो बदलत नाही.

इंग्लंडच्या परंपरेत नियम आले, पण क्रम आला नाही. १५८४ च्या हेडन खटल्याने चार प्रश्न विचारायला शिकवले: जुना कायदा काय होता, त्यात कोणती खोट होती, संसदेने कोणता उपाय केला, आणि त्या उपायाचे खरे कारण काय. एकोणिसाव्या शतकात शब्दांच्या साध्या अर्थाला मान आला. त्यातून हास्यास्पद परिणाम निघत असेल तर तेवढ्यापुरता अर्थ वाकवावा, असा तिसरा, ‘सुवर्ण’ म्हटला जाणारा नियम रुजला. हे तिन्ही आपल्या न्यायालयांत आजही रोज उद्धृत होतात. कोणता केव्हा वापरायचा, हे मात्र त्यांच्यात कुठेच सांगितलेले नाही. अमेरिकेचे कार्ल लुएलिन यांनी १९५० साली अर्थान्वयनाच्या नियमांच्या जोड्या लावून दाखवल्या. प्रत्येक नियमाला तितकाच प्रतिष्ठित उलट नियम होता. न्यायाधीश ज्या टोकाला पोचू इच्छितो तिथे नेणारा नियम त्याला नेहमीच सापडतो, हे त्या जोड्यांनी उघड केले. या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला लुएलिन यांच्या त्या यादीला उत्तर द्यावे लागते.

उत्तरे अनेकांनी दिली. पुढील प्रकरणांत ती सविस्तर येतात, म्हणून इथे ओळखीपुरतेच सांगतो. एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ साली उद्यानात वाहनांना बंदी करणारा नियम घेऊन दाखवले, की प्रत्येक शब्दाला निश्चित अर्थाचा गाभा असतो आणि भोवती धूसर कडा असते. मोटार गाभ्यात येते, खेळण्यातली गाडी कडेवर. न्यायाधीशाची निवड फक्त कडेवर चालते. लॉन फुलर यांनी विचारले, युद्धाचे स्मारक म्हणून चौथऱ्यावर लष्करी ट्रक उभा करायचा असेल तर? तो नक्की वाहन आहे, पण नियम कशासाठी केला हे जाणल्याशिवाय त्याच्याविषयी काहीच ठरवता येत नाही. रोनाल्ड ड्वर्किन यांनी न्यायाधीशाला अनेकांनी मिळून लिहिलेल्या कादंबरीतल्या पुढच्या प्रकरणाच्या लेखकाची उपमा दिली. त्याला आधीची प्रकरणे बदलता येत नाहीत, पण त्यांच्याशी जुळणारे सर्वांत चांगले प्रकरण लिहायचे असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया आणि त्यांच्या पंथाने याच्या उलट बाजूने आग्रह धरला. घटना ज्या काळी संमत झाली त्या काळच्या वाचकाला शब्दांचा जो अर्थ कळला असता, तोच न्यायाधीशाने पाळावा, आणि बदल हवा असेल तर लोकांनी मतपेटीतून करावा.

स्कालियांच्या भूमिकेत खरा लोकशाहीवादी आग्रह आहे. निवडून न आलेल्या माणसाने आपले मत घटनेच्या तोंडी घालू नये, हे कोण नाकारेल? पण ती रीतसुद्धा एकच उत्तर देत नाही. शस्त्र बाळगण्याच्या हक्कावरच्या २००८ च्या हेलर खटल्यात बहुमत आणि अल्पमत, दोघेही अठराव्या शतकाच्या इतिहासात शिरले आणि पाच विरुद्ध चार असे विरुद्ध निष्कर्ष घेऊन बाहेर आले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या ‘लिंग’ या शब्दावर २०२० साली निकाल झाला तेव्हा समलिंगी कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारे न्यायमूर्ती गोरसच शब्दवादी होते, आणि विरोधात लिहिणारेही स्वतःला शब्दवादीच म्हणवत होते.

आता आपल्या घटनेकडे येतो, कारण या पुस्तकाचा मुख्य भाग तिच्याविषयी आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, असे अनुच्छेद २१ सांगतो. हे शब्द सहज आलेले नाहीत. आरंभीच्या मसुद्यात अमेरिकन धर्तीची, ‘ड्यू प्रोसेस’ची शब्दयोजना होती. तिच्यामुळे न्यायाधीशांना संसदेचे कायदे ‘न्याय्य’ आहेत की नाहीत हे तपासता आले असते. घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि ही सत्ता न्यायालयाला देऊ नये असा सल्ला घेऊन आले. जपानच्या घटनेतल्या शब्दांचा आधार घेऊन आजची शब्दयोजना आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर तीव्र वाद झाला. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोपवला. सभागृहाने ‘ड्यू प्रोसेस’ नाकारले. पुढच्या वर्षी आंबेडकरांनी स्थानबद्धांसाठी काही किमान हमी देणारा नवा अनुच्छेद आणला, तो आजचा २२ वा. अनुच्छेद २१ बद्दलचे लोकांचे असमाधान त्यांनी त्या वेळी मान्य केले होते.

मग १९५० साली ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेचा खटला आला. सहा न्यायमूर्तींच्या पीठातल्या बहुमताने शब्द आणि इतिहास दोन्ही पाळले: संसदेने केलेली कार्यपद्धती असली की पुरे, ती न्याय्य आहे का हे न्यायालय पाहणार नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी एकट्याने म्हटले, की ‘कायदा’ या शब्दातच नैसर्गिक न्यायाची तत्त्वे सामावली आहेत. २५ जानेवारी १९७८ रोजी मेनका गांधी खटल्यात सात न्यायमूर्तींनी वाट बदलली. अनुच्छेद २१ एकटा वाचायचा नाही, समतेचा १४ वा आणि स्वातंत्र्यांचा १९ वा त्याच्या जोडीने वाचायचा. मग कार्यपद्धती न्याय्य, वाजवी आणि उचित असलीच पाहिजे. घटनाकारांनी पुढच्या दाराने बाहेर ठेवलेली गोष्ट न्यायालयाने मागच्या दाराने आत घेतली, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो गंभीर आहे. मी त्याला हलकेपणाने बाजूला सारणार नाही.

मधल्या अठ्ठावीस वर्षांत मात्र आणीबाणी आली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे असे म्हणत न्यायालयात येताच येणार नाही. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी उलट मत दिले होते. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले, आणि पुढच्या वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठात बसलेल्या त्यांच्या मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, तो निकाल चुकीचा होता असे लिहिले. बापाचे वाचन मुलाने खोडले. न्यायसंस्थेच्या इतिहासात इतका वैयक्तिक आणि इतका सार्वजनिक क्षण दुर्मीळ असतो.

मेनका गांधी निकालाने रुंद केलेल्या त्याच अनुच्छेदावर मुंबईच्या पदपथवासीयांचा खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ च्या निकालात जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटले. घर मोडले तर काम तुटते, काम तुटले तर जगणे. तरीही, पावसाळा संपेपर्यंत थांबून झोपड्या हटवायला त्याच निकालाने महापालिकेला मुभा दिली. शब्द रुंद झाला, पण माणसाला छप्पर मिळाले नाही. उदार अर्थान्वयनाचे कौतुक करणाऱ्याने हा निकाल शेवटच्या पानापर्यंत वाचायला हवा.

आता जी दोन उदाहरणे देतो, त्यांनी माझे मत घडवले. अनुच्छेद १२४ नुसार सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून करतात. घटना समितीत ‘विचारविनिमय’ ऐवजी ‘सहमती’ घालावी अशी सूचना आली होती. मे १९४९ मध्ये आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी माणूसच असतो, त्याला नकाराधिकार देणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९८१ साली न्यायालयाने हाच अर्थ पाळला. १९९३ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो उलटवला. ‘विचारविनिमया’चा अर्थ जवळजवळ सहमती झाला आणि नेमणुकांचा शेवटचा शब्द न्यायाधीशांकडे आला. कारणे खोटी नव्हती. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलले गेले होते, आणीबाणीत न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या होत्या. पण इथे अर्थ लावणाराच त्या अर्थाचा लाभार्थी होता, आणि लावलेला अर्थ घटनाकारांनी नाव घेऊन नाकारलेला होता.

दुसरे उदाहरण एका सर्वनामाचे आहे. सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेला वाद २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी संपवला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार ‘हिज रिलिजन’च्या आधारावर मत मागणे हा भ्रष्टाचार आहे. हे ‘हिज’ कोणाचे? उमेदवाराचे, की मतदाराचेही? चार न्यायमूर्तींनी निवडणुका धर्मनिरपेक्ष राखण्याच्या हेतूवरून म्हटले, दोघांचेही. तिघांनी म्हटले, फक्त उमेदवाराचे किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे. जात, धर्म आणि भाषेमुळे सोसलेल्या अन्यायाविषयी मतदाराशी बोलायची वाट बंद केली तर लोकशाहीतला मोठा संवाद थांबेल, ही त्यांची चिंता होती. हे वाक्य मराठीत मांडायला बसलो की अडचण लगेच हाताला लागते. ‘आपल्या’ म्हटले तर धर्म मत मागणाऱ्याचा होतो, ‘त्याच्या’ म्हटले तर दुसऱ्या कोणाचा. इंग्रजीने न केलेली निवड मराठी करायला लावते. अनुच्छेद ३४८ ने कायद्याच्या इंग्रजी पाठाला प्रमाण मानले आहे. तरीही मला वाटते, की आपल्या भाषेत उतरवून पाहणे ही कायदा समजून घेण्याची फार चांगली परीक्षा आहे. भाषांतर करताना संदिग्धता लपवता येत नाही.

या सगळ्यातून माझे मत काय बनले, ते वाचकाला आधीच सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. शब्द हे कुंपण आहे. त्याच्या आत एकाहून अधिक अर्थ बसत असतील तर हेतूने निवडावे, कुंपणाबाहेर हेतूने उडी मारू नये. ‘स्पर्श’ या शब्दात कपड्यावरून केलेला स्पर्श सहज बसतो. ‘विचारविनिमया’त सहमती बसत नाही. ‘कार्यपद्धती’त न्याय्यपणा बसतो का? शेजारचे अनुच्छेद सोबत वाचले तर बसतो असे मला वाटते, कारण घटनाकारांनी ते शेजारी ठेवले होते. आपल्या शब्दांतून पुढे काय निघेल याची त्यांची अपेक्षा आणि त्यांनी प्रत्यक्ष लिहिलेले शब्द, या दोन गोष्टी एक नाहीत. पण इथे मी कुंपणाच्या अगदी काठावर उभा आहे, हे मला ठाऊक आहे. वाचकाने मला तिथे अडवावे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. न्यायाधीशाने कोणती रीत निवडली यावर ग्रंथ लिहिले गेले. ती त्याने केव्हा निवडली, हे फार कमी लोक विचारतात. निकाल कोणाच्या बाजूने हवा हे आधी ठरवून मग शब्दकोश किंवा संसदेतले भाषण शोधणारा न्यायाधीश शब्दवादी असो की हेतुवादी, त्याने अर्थ लावलेलाच नसतो. रीत आधी जाहीर करणारा, आणि ती आपल्या आवडीच्या पक्षकाराच्या विरुद्ध गेली तरी न सोडणारा न्यायाधीश, मला पटो वा न पटो, विश्वासाला पात्र आहे. जैमिनीचा प्रमाणक्रम मला आधुनिक वाटतो तो याचसाठी. आणि ज्या अर्थाने न्यायालयाची स्वतःची सत्ता वाढते, त्या अर्थाला दुप्पट पुरावा मागावा, हा माझा दुसरा आग्रह आहे.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिला भाग मीमांसा आणि धर्मशास्त्राचा, दुसरा इंग्रजी नियमांचा आणि पाश्चात्त्य उपपत्तींचा, तिसरा आपल्या घटनेचा, चौथा निवडक कायद्यांचा. प्रत्येक प्रकरणात आधी कायद्याचे वाक्य दिले आहे, मग त्याची प्रतिस्पर्धी वाचने, आणि निकाल सर्वांत शेवटी. वाचकाला विनंती आहे, की निकालाकडे जाण्याआधी पुस्तक मिटून स्वतःचा अर्थ कागदावर लिहावा आणि कोणत्या रीतीने लावला तेही लिहावे. पुढच्या प्रकरणात तीच रीत नको असलेल्या निकालाकडे नेऊ लागली, की आपला हात कसा थबकतो ते जाणवेल. तो थबकलेला क्षण अनुभवण्यासाठीच हे पुस्तक लिहिले आहे. ते वकिलांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि वर्तमानपत्रात ‘न्यायालयाने असे म्हटले’ एवढेच वाचून थांबावे लागणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

रामनाडच्या विधवेने मिथिलेची रीत निवडली नव्हती की महाराष्ट्राची. नागपूरच्या त्या मुलीला कलम ७ ठाऊक नव्हते. मुंबईच्या पदपथावर झोपणाऱ्या माणसाने अनुच्छेद २१ चे तीन अवतार वाचलेले नव्हते. वाचण्याची रीत नेहमी दुसरेच कोणी निवडते, आणि तिचे ओझे या माणसांनी उचलायचे असते. म्हणून ती कशी निवडली आणि केव्हा निवडली, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे हे अर्थ लावणाऱ्याचे त्यांना असलेले देणे आहे. ओसरीवर बसलेल्या मुलालाही संध्याकाळी आईसमोर उभे राहून सांगावे लागते, की मांजराला का हुसकले आणि भावाला वाटीभर का दिले.